मंडळाचा सभासद आणि त्याची वाणी

सुशिक्षित घरांतून पाहिले तर प्रत्येक कुटुंबात निदान एक तरी व्यक्ती कोणत्या ना कोणत्या मंडळाच्या कार्यकारी समितीवर असते. थोरले बंधू वकीलसंघाचे चिटणीस, धाकटे डॉक्टरांच्या संघाचे खजिनदार, सूनबाई शिक्षकसंघाच्या सभासद. आणि आमच्यासारखे सेवानिवृत्त मास्तर तर कोणी विचारो वा न विचारो, दोनचार मंडळांत सापडावयाचेच! निवडून येण्यासाठी काय बोलावे हे या सर्वांना पाठ असते. निवडून आल्यानंतर काय बोलावे, कोठे बोलावे आणि कोठे मुखस्तंभ होऊन बसावे, याचा धडा मात्र कोणत्याही क्रमिक पुस्तकात नाही. तो मी उशिरा शिकलो, आणि दुसऱ्याच्या खर्चाने शिकलो. म्हणून तो येथे मांडीत आहे.

मी एका शिक्षकसंघाच्या कार्यकारी मंडळात काही वर्षे होतो. संघाचे नाव सांगण्याचे प्रयोजन नाही, कारण दोष संघाचा नव्हता, माझा होता. आमचे एक सहशिक्षक अकाली वारले. त्यांच्या कुटुंबास साहाय्यनिधीतून काही रक्कम द्यावी, असा विषय पुढील सभेपुढे यावयाचा होता. सभेपूर्वी आम्ही चारपाचजण आपसांत बोललो होतो, आणि विरोध कोणाचाच दिसत नव्हता. त्याच आठवड्यात सांगलीस एका लग्नात पंगत उठल्यावर त्या बाई भेटल्या. त्यांचा उतरलेला चेहरा पाहून मला राहवले नाही. मी म्हणालो, “वहिनी, काळजी करू नका. संघाची मदत मंजूर झाल्यासारखीच आहे.”

या वाक्यातील ‘सारखीच’ हा शब्द मी माझ्या बचावासाठी ठेवला होता; परंतु दुःखी माणसाच्या कानास तो ऐकू येत नाही. सभेच्या दिवशी गणसंख्या भरली नाही. पुढच्या सभेत हिशेबतपासनिसांनी निधीच्या नियमांवर बोट ठेवले. रक्कम अखेर मिळाली, पण चार महिन्यांनी, आणि अपेक्षेच्या निम्मी. दरम्यान माझ्या शब्दावर विसंबून बाईंनी मुलाच्या प्रवेशासाठी उसनवारी केली होती आणि महिन्याच्या आत फेडीन असा वायदा केला होता. तो पाळण्यासाठी हातातील पाटल्या गेल्या, हे मला पुष्कळ दिवसांनी कळले. त्या मला रागे भरल्या नाहीत. एवढेच म्हणाल्या, “भाऊजी, तुम्ही बोललात म्हणून मी पुढे बोलले.”

मी वाईट हेतूने बोललो नव्हतो. पण त्या क्षणी माझ्या मुखातून जी वाणी निघाली, ती माझी नव्हती, मंडळाची होती. दुसऱ्याची ठेव आपली समजून मी खर्च केली होती. मंडळाच्या सभासदाच्या वाणीविषयी जे काही सांगावयाचे आहे, ते सारे या एका गोष्टीत आले.

हा प्रश्न आम्हां लहानांचाच आहे असे नव्हे. साताऱ्याचे १८९९ सालचे न्यू इंग्लिश स्कूल आणि सांगली-मिरजेच्या दरम्यान विश्रामबागेत असलेले १९१९ सालचे विलिंग्डन महाविद्यालय ज्या डेक्कन एज्युकेशन सोसायटीची आहेत, त्या संस्थेच्या पहिल्या दशकाकडे पाहावे. पुण्यास १८८० च्या जानेवारीत न्यू इंग्लिश स्कूल निघाले, १८८४ मध्ये सोसायटी स्थापन झाली आणि १८८५ मध्ये फर्ग्युसन कॉलेज. शिकवणारेच आजीव सभासद होऊन संस्था चालवीत; म्हणजे वर्गातही तेच आणि मंडळातही तेच. अशा संस्थेत जिभेवर आणि लेखणीवर दुप्पट ताबा लागतो. त्यातच टिळक, आगरकर यांच्याकडे १८८१ पासून ‘केसरी’ आणि ‘मराठा’ ही पत्रेही होती.

पहिला फटका बसला तो बाहेरून आलेल्या कागदांमुळे. कोल्हापूरच्या महाराजांच्या हालअपेष्टांसंबंधी दिवाण बर्वे यांच्यावर दोषारोप करणारा मजकूर या पत्रांतून आला. ज्या पत्रांचा त्याला आधार होता, ती बनावट ठरली. १८८२ साली टिळक आणि आगरकर या दोघांना चार महिन्यांची शिक्षा होऊन डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस काढावे लागले. लोकांनी त्यांना डोक्यावर घेतले, कारण त्यांचा हेतू शुद्ध होता. तथापि हेतू शुद्ध असल्याने खोटा कागद खरा होत नाही. हातात आलेला कागद कोणी लिहिला, त्याला साक्ष कोण, हे पाहिल्यावाचून तो पुढे करू नये, हा त्यातील बोध आज तर अधिकच घेण्याजोगा आहे. त्या काळी बनावट पत्र तयार करण्यास निदान श्रम तरी पडत!

दुसरा प्रसंग घरातला. सामाजिक सुधारणेच्या प्रश्नावर ‘केसरी’च्या चालकांत मतभेद वाढले. तेव्हा आपल्या सातारा जिल्ह्यातील टेंभू गावी जन्मलेल्या आगरकरांनी १८८७ साली ‘केसरी’ सोडला आणि १८८८ मध्ये ‘सुधारक’ काढला. या कृतीतील शिस्त ध्यानात घ्यावी. ज्यास सर्वांच्या मुखाने बोलणे शक्य राहिले नाही, त्याने स्वतःचे मुख वेगळे केले. पुढे आजीव सभासदांनी बाहेरची कामे व बाहेरची प्राप्ती पत्करावी की नाही, या प्रश्नावर संस्थेतच तेढ आली, आणि १८९० साली टिळकांनी सविस्तर कारणे लिहून सभासदत्वाचा राजीनामा दिला. तो त्यांनी ज्यांच्याशी मतभेद होता त्या संस्थेलाच लिहून दिला. त्यापूर्वी आणि त्यानंतर दोन्ही पत्रांतून एकमेकांवर जी कठोर टीका झाली, तीत दोघांचे मित्र होरपळले, हेही खरे. मतभेद टाळणे त्यांच्या हाती नव्हते. पण मतभेदाचा जेवढा भाग त्यांनी योग्य स्थळी आणि लेखी मांडला, तेवढा आज आपण आदराने वाचतो. संस्था मात्र टिकली. आगरकर १८९२ पासून १८९५ मध्ये मृत्यू येईपर्यंत फर्ग्युसनचे प्राचार्य होते, आणि त्यांच्या निधनानंतर ‘केसरी’त मृत्युलेख लिहिला तो टिळकांनीच.

आमच्या संस्कृत परंपरेत या विषयाचा विचार फार जुना आहे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात पहिल्या अधिकरणाचा पंधरावा अध्याय मंत्रणेवर आहे. मंत्रणेची जागा अशी असावी की तेथील बोल बाहेर जाऊ नये. पोपट, मैना आणि कुत्री यांच्याकडूनही मसलत फुटल्याचे ऐकिवात आहे, अशी सूचना तो देतो. हे वाचून आपणांस हसू येते. परंतु प्रत्येक मंडळात एकदोन पोपट आणि दोनचार मैना असतातच, हे चिटणीसपद भूषविलेल्या कोणालाही विचारावे! मंत्रभेदाचे खापर घरातील बायकांवर फोडण्याची आपल्याकडे रूढी आहे. माझा अनुभव मात्र उलट आहे. त्या साहाय्यनिधीची गोष्ट मी घरी आधी बोललो होतो. आमच्या कुटुंबाने ती पोटात ठेवली. ओकलो तो मी.

त्याच ग्रंथाच्या दुसऱ्या अधिकरणात, दहाव्या अध्यायात, लेखनाचे सहा गुण दिले आहेत: अर्थाचा क्रम, संबंध, परिपूर्णता, माधुर्य, औदार्य आणि स्पष्टता. दोषही पाच सांगितले आहेत: ओंगळ अक्षर, पूर्वापर विरोध, पुनरुक्ती, अशुद्ध प्रयोग आणि विरामांचा गोंधळ. हा ग्रंथ शामशास्त्री यांनी १९०९ साली म्हैसूर येथे प्रसिद्ध केला. आजही चिटणिसाने पत्रावर सही करण्यापूर्वी हे अकरा शब्द डोळ्यांखालून घातले, तर निम्मे तंटे उत्पन्नच होणार नाहीत.

आता व्यवहाराचे नियम सांगतो. ते माझ्या चुकांतून निघालेले आहेत, म्हणून त्यांत पांडित्य शोधू नये.

पहिला नियम असा की, ठराव होण्यापूर्वी कोणासही आशा दाखवू नये आणि भीतीही घालू नये. विचारणाऱ्यास एवढेच सांगावे की विषय अमुक तारखेच्या सभेपुढे आहे, निर्णय झाल्यावर लेखी कळवू. हे उत्तर कोरडे वाटते. पण त्या कोरड्या उत्तराने कोणाच्या हातातील पाटल्या जात नाहीत.

दुसरा नियम सभेतील बोलण्याचा. बोलणे अध्यक्षांस उद्देशून असावे, समोरच्या विरोधकास नव्हे. आणि विषयावर असावे, व्यक्तीवर नव्हे. अमेरिकेतील हेन्री मार्टिन रॉबर्ट या लष्करी इंजिनिअरवर एकदा सभा चालविण्याचा प्रसंग आला आणि ती कशी चालवावी हेच त्यास ठाऊक नव्हते, म्हणून त्याची फजिती झाली. त्या फजितीतून सुरू झालेल्या अभ्यासाचे फळ म्हणजे त्याने १८७६ साली सभानियमांचे लिहिलेले पुस्तक. ते पुढे जगभर गेले. त्याचे सार आपल्या आजोबांच्या घरातही होते: एका वेळी एक विषय, एका वेळी एक बोलणारा, आणि वडील मंडळींकडे तोंड करून बोलणे.

तिसरा नियम इतिवृत्ताचा. ते त्याच दिवशी लिहावे. कोण काय म्हणाले याचे रसभरित वर्णन नको. ठराव, सूचक, अनुमोदक, बाजूची व विरुद्ध मते एवढे पुरे. ज्याचा विरोध असेल त्याने तो नोंदवून घ्यावा. हा त्याचा अधिकार आहे, आणि तो वापरला म्हणजे बाहेर जाऊन ‘मी तर तेव्हाच म्हणत होतो’ असे सांगत फिरण्याची गरज उरत नाही.

चौथा नियम गुप्ततेचा, आणि येथे विवेक पाहिजे. व्यक्तीविषयीची चर्चा गुप्त राहिली पाहिजे: कोणावरची तक्रार, कोणाची अडचण, कोणाचे आजारपण. पैशाचा हिशेब मात्र गुप्त नाही. १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्थेच्या कायद्याखाली नोंदलेल्या संस्थेस हिशेब ठेवून ते तपासून घ्यावेच लागतात. ‘अंतर्गत बाब’ म्हणून जो आकडे झाकतो आणि माणसाची अब्रू उघडी करतो, त्याने नियम अगदी उलटा लावला.

पाचवा नियम: मंडळातर्फे एकाच मुखाने बोलावे. ते मुख अध्यक्षांचे असो वा चिटणिसांचे. इतरांस मत नसते असे नाही. पण त्यांनी ते मांडताना ‘हे माझे स्वतःचे मत’ असे आधी म्हणावे, आणि मंडळाचे नाव छापलेला कागद त्यासाठी वापरू नये. ठरावाविरुद्ध जाहीर बोलल्यावाचून ज्याचे समाधान होत नाही, त्याने आधी पद सोडावे. आगरकरांनी आणि टिळकांनी ते केले. आपली योग्यता त्यांच्याहून अधिक खचित नाही.

सहावा नियम मोबाईलविषयी, कारण आताची निम्मी मंडळे त्यावरच चालतात. रागाने लिहिलेला मजकूर रात्री पाठवू नये. सकाळी स्नान-चहा झाल्यावर पुन्हा वाचावा. पूर्वी टपालपेटीपर्यंत चालत जाण्यात जो राग निवत असे, तो निवण्यास आता वाटच उरलेली नाही. ती आपण मुद्दाम निर्माण केली पाहिजे.

सातवा आणि शेवटचा नियम चूक सुधारण्याचा. चुकीची गोष्ट जेथे बोललो, तेथेच जाऊन ती दुरुस्त करावी. चार माणसांत बोललो असल्यास चार माणसांत. छापून आली असल्यास छापून. कानात येऊन मागितलेली क्षमा ही अर्धीच क्षमा होय.

हा सातवा नियम पाळण्यास मला धैर्य फार उशिरा झाले. त्या बाईंचा मुलगा शिकला, मार्गी लागला. त्याच्या लग्नास मी साताऱ्याहून मुद्दाम गेलो आणि पूर्वीच्याच मंडळींपैकी चारसहा जण बसलेले पाहून सर्वांसमक्ष म्हणालो, “वहिनी, त्या वेळी मंडळ चुकले नव्हते. मंजूर न झालेली गोष्ट मंजूर झाली म्हणून मीच सांगितली.” त्या क्षणभर थांबल्या. मग म्हणाल्या, “ते मला तेव्हाच कळले होते, भाऊजी. पण इतकी वर्षे मी तुमच्या संघालाच बोल लावीत आले.”

म्हणजे माझ्या एका वाक्याने एका घराचे नुकसान झाले ते झालेच; शिवाय एका निरपराध संस्थेवर इतकी वर्षे बोल राहिला. गीतेच्या सतराव्या अध्यायात वाणीच्या संयमास तप म्हटले आहे. मी शाळेत तो भाग कित्येकांना समजावून सांगितला असेल. सत्य, प्रिय आणि हित या तिहींची सांगड त्यात घातली आहे. मी त्या दिवशी प्रिय तेवढे बोललो होतो. ते सत्य होण्यास अवकाश होता, आणि म्हणूनच ते हिताचे झाले नाही.

आपल्या घरातील जे कोणी आज सायंकाळी एखाद्या सभेस निघाले असतील, त्यांना उंबऱ्याशी एवढीच आठवण द्यावी: जाताना आपले मत अवश्य न्यावे, येताना मात्र मंडळाची वाणी तेथेच ठेवून यावे.