अटकेची घटका आणि वकिलाची निवड

अपरात्री फौजदार दारात उभा राहिला, की घरातील शहाणीसुरती माणसेही भांबावतात, आणि ज्या अटक-पंचनाम्यावर अटकेची तारीख व वेळ नमूद असते, तो न वाचताच त्यावर सही करून मोकळी होतात. वस्तुतः अटकेचे कारण जाणण्याचा, आपल्या पसंतीच्या वकिलाचा सल्ला घेण्याचा आणि प्रवासाचा अवधी वगळता २४ तासांच्या आत दंडाधिकाऱ्यापुढे हजर केले जाण्याचा हक्क संविधानाच्या २२ व्या अनुच्छेदानेच दिलेला आहे. मुंबईच्या कोठडीतील स्त्रियांच्या हालांविषयी पत्रकार शीला बारसे यांनी सर्वोच्च न्यायालयास लिहिलेल्या पत्रावरून १९८३ साली जो निर्णय झाला, त्याने अटकेची खबर विधी साहाय्य समितीस तत्काळ देण्याचे बंधन पोलिसांवर घातले. माझ्या मते हे पत्र मोठ्या ग्रंथाच्या तोलाचे आहे.

वकील निवडताना त्याच्या कचेरीचा थाट पाहू नये. आपले प्रकरण ज्या न्यायालयात आहे, तेथे फौजदारी कामे तो नित्य चालवतो काय, तारखेला स्वतः उभा राहतो की कनिष्ठास धाडतो, हे विचारावे, आणि जामिनाची हमी देणाऱ्यास वकीलपत्र मुळीच देऊ नये. ऐपत नसेल तर जिल्हा न्यायालयातील विधी सेवा प्राधिकरणाकडे निःसंकोच अर्ज करावा: १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्यान्वये कोठडीतील व्यक्तीस उत्पन्नाची अट लागू नाही.