मेलेला फुगा डंख मारतो!

पावसाळ्यात मुंबईला जुहू किंवा गिरगाव चौपाटीवर गेलात, तर ओल्या वाळूत एखादा निळसर, काचेसारखा चमकणारा चिमुकला फुगा दिसेल. उचलून खिशात टाकावा इतका गोड! थांबा, थांबा. त्याचं नाव ब्लूबॉटल. त्याच्याखाली निळे दोरे लोंबतात ना, त्यांत विष असतं.

"अरे, मेलाय तो, काय करणार?" असं म्हणणारा एखादा दादा तिथे हमखास भेटतो. त्याचं मुळीच ऐकू नका.

ब्लूबॉटल म्हणजे एकटा प्राणी नाहीच, ते आहे एकत्र कुटुंब! एकाने फुगा होऊन तरंगायचं, काहींनी शिकार पकडायची, काहींनी ती पचवायची. लोक त्याला जेलीफिश म्हणतात खरं, पण त्याचं जवळचं नातं आहे तळ्यातल्या हायड्राशी.

दोघांचंही हत्यार एकच. दोऱ्यांवर असंख्य सूक्ष्म कुप्या असतात. प्रत्येकीत एक पोकळ नळी गुंडाळून ठासलेली आणि बाहेर एक बारीकसा केस. केसाला धक्का लागला, की झाकण उघडतं आणि उलटा मोजा सुलटा करावा तशी नळी सटकन बाहेर येते. किती सटकन? जर्मनीतल्या शास्त्रज्ञांनी सेकंदाला १४ लाखांहून जास्त चित्रं टिपणाऱ्या कॅमेऱ्याने हायड्राच्या कुप्या पाहिल्या. २००६ साली त्यांनी उत्तर छापलं: नळीतला टोकदार काटा बाहेर पडतो तो सेकंदाच्या दहा लाखाव्या भागापेक्षाही कमी वेळात! तुमची पापणी तेवढ्यात हललेलीसुद्धा नसते.

आणि हे सगळं कुणाला न विचारता. विचारणार कुणाला? मेंदूच नाही! म्हणून तर फुगा मेला तरी कुप्या तयारच असतात.

दोरा अंगाला चिकटलाच तर चोळू नका, चोळलं की उरलेल्या कुप्याही फुटतात. समुद्राच्याच पाण्याने धुवा आणि मोठ्यांना सांगा. श्वास लागला तर तडक डॉक्टरांकडे.

पण या ब्लूबॉटललाही चोरावर मोर भेटतो बरं का! ग्लॉकस नावाची इवलीशी निळी समुद्री गोगलगाय, पाठीवर शंख नसलेली. ती ब्लूबॉटल चक्क खाते आणि न फुटलेल्या कुप्या आपल्या बोटांसारख्या टोकांत साठवून ठेवते. तिलाही हात लावायचा नाही. चोरलेला डंख कधीकधी मूळ मालकापेक्षाही जोरात बसतो.