काचेआडचे दीप

दिवाळीच्या सुट्टीत पुण्यास येणाऱ्यांची पावले प्रथम शनिवारवाड्याकडे वळतात. आम्ही त्यांस बाजीराव रस्त्यालगतच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयातही धाडतो. कवी ‘अज्ञातवासी’ म्हणजे दिनकर गंगाधर केळकर. बालवयात निवर्तलेल्या पुत्र राजाच्या स्मरणार्थ त्यांनी हे उभारले आणि १९७५ मध्ये सारा संग्रह राज्य शासनास अर्पण केला. पुत्रशोकावर कीर्तनात आम्ही पुष्कळ निरूपण केले आहे. येथील दिव्यांपुढे मात्र वाणी थबकली. एके काळी कोणाच्या देवघरी तेवलेले ते दीप आता तेलावाचून काचेआड उभे आहेत. सोबतच्या नातवाने विचारले, “आजोबा, हे लावत का नाहीत?” घरी येताच आम्ही माळ्यावरची समई त्याच्याकडून घासून घेतली. वात भिजावयास अंमळ वेळ लागला. तो शेजारी बसून होता.