नोंदवहीपासून संशोधनपत्रिकेपर्यंत

वैद्यकीय संशोधन मोठ्या शहरांतील प्रयोगशाळांतच होते, ग्रामीण भागातील डॉक्टरांनी त्याचा केवळ उपयोग करावयाचा असतो, असा एक सर्वसाधारण समज आहे. महाराष्ट्राचा अनुभव मात्र याहून वेगळा आहे. रायगड जिल्ह्यातील बिरवाडी व महाड परिसरात विंचूदंशाच्या रुग्णांवर उपचार करणारे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी रुग्णांच्या उशाशी बसून केलेली निरीक्षणे १९८२ साली लंडनच्या ‘लॅन्सेट’ या साप्ताहिकात प्रसिद्ध झाली. पुढे १९८६ साली, रक्तदाबावरील प्राझोसिन हे साधे औषध लाल विंचवाच्या दंशात हृदयाला सावरू शकते, ही गोष्ट त्यांनी व डॉ. प्रमोदिनी बावस्कर यांनी त्याच पत्रिकेतून वैद्यकविश्वापुढे ठेवली. ज्या दंशाने धडधाकट मूल एका रात्रीत हातचे जात असे, त्याच्या उपचाराची दिशा त्यामुळे पालटली.

ही निरीक्षणे लिहिलीच गेली नसती तर महाड परिसरातील रुग्णांना त्यांचा लाभ झाला असताच. परंतु जळगाव, धुळे किंवा सोलापूरच्या डॉक्टरांना ती कळण्याचा मार्ग राहिला नसता. उपचाराचा अनुभव एका दवाखान्याच्या भिंतीबाहेर नेण्याचे, आणि नेण्यापूर्वी तो पारखून घेण्याचे, साधन म्हणजे संशोधनपत्रिका होय. तेथे लेख कसा तयार होतो व कसा पाठविला जातो, याची माहिती केवळ डॉक्टरांनाच असावी असे नाही. ज्यांच्या गावात सर्वेक्षण होते ते पंचायत सदस्य, ज्यांच्या शाळेत मुलांचे रक्त तपासले जाते ते शिक्षक आणि ज्यांच्या कार्यालयातील नोंदी मागितल्या जातात ते अधिकारी, या सर्वांचा या प्रक्रियेशी प्रत्यक्ष संबंध येतो.

खानदेशापुढील प्रश्न

सातपुड्याच्या पायथ्याशी असलेले जळगाव जिल्ह्यातील चोपडा, यावल व रावेर हे तालुके, धुळे जिल्ह्यातील शिरपूर तालुका, आणि १ जुलै १९९८ रोजी धुळ्यातून वेगळा झालेला नंदुरबार जिल्हा या पट्ट्यात भिल्ल, पावरा आदी समाजांची मोठी वस्ती आहे. या समाजांमध्ये सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार आढळतो. या आजारात तांबड्या रक्तपेशी विळ्यासारख्या वाकड्या होतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात आणि रुग्णाला असह्य वेदना होतात. आई व वडील दोघेही वाहक असतील तर प्रत्येक अपत्याला हा आजार होण्याची शक्यता चारात एक इतकी असते. मध्य भारतातील सिकलसेलसंबंधीचा नागपूरच्या शुक्ला व सोळंकी यांचा निबंध १९५८ साली ‘लॅन्सेट’मध्ये आला होता. पुण्याचे डॉ. सुदाम काटे यांनी राज्याच्या आदिवासी भागांत या आजारावर दीर्घकाळ काम केले व २०१९ साली त्यांना पद्मश्रीने गौरविण्यात आले. १ जुलै २०२३ रोजी सुरू झालेल्या राष्ट्रीय अभियानाने २०४७ पर्यंत या आजाराच्या निर्मूलनाचे उद्दिष्ट ठेवले आहे. असे असले तरी पाड्यापाड्यांवर उपचाराचे प्रत्यक्षात काय होते, हे तेथे काम करणाऱ्या डॉक्टरांखेरीज दुसरे कोण सांगणार?

उदाहरणादाखल एक कल्पित प्रसंग घेऊ. समजा, चोपडा तालुक्यातील एका ग्रामीण रुग्णालयातील वैद्यकीय अधिकाऱ्याच्या असे लक्षात आले की, सिकलसेलचे हायड्रॉक्सियुरिया हे औषध घेणारे रुग्ण पावसाळ्यात नियमित येतात व दिवाळीनंतर दिसेनासे होतात. कुटुंबे ऊसतोडीला गेलेली असतात आणि रुग्ण परततो तो होळीच्या सुमारास, बहुधा वेदनांनी तळमळत. हे निरीक्षण मोलाचे आहे. परंतु तो अद्याप शोधनिबंध नव्हे.

प्रथम त्याला प्रश्नाचे रूप द्यावे लागते. ‘सातपुड्यातील सिकलसेलचा अभ्यास’ हा प्रश्न नाही, तो विषय आहे. ‘स्थलांतर करणाऱ्या कुटुंबांतील रुग्णांचे औषध न करणाऱ्यांच्या तुलनेत किती महिने खंडित होते आणि त्या काळात त्यांना रुग्णालयात किती वेळा दाखल व्हावे लागते?’ हा प्रश्न झाला, कारण त्याचे उत्तर मोजता येते. प्रश्न ठरला की नोंदवहीत कोणते रकाने हवेत हेही आपोआप ठरते. बहुतेक निबंध लिहिताना अडतात असे वाटते. वस्तुतः ते कित्येक महिने आधी, नोंदवहीतच अडलेले असतात. स्थलांतराचा रकानाच नसेल तर मागाहून उत्तम भाषा काय करणार?

परवानगी व संमती

अभ्यास सुरू करण्यापूर्वी नैतिकता समितीची लेखी मान्यता घेणे आवश्यक असते. प्राथमिक आरोग्य केंद्राला किंवा ग्रामीण रुग्णालयाला स्वतःची अशी समिती बहुधा नसते. अशा वेळी दुसऱ्या संस्थेच्या समितीशी रीतसर करार करून तिच्याकडे प्रस्ताव पाठविण्याची सोय भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांत आहे. धुळे येथील श्री भाऊसाहेब हिरे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय, किंवा २०१८ साली सुरू झालेले जळगावचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय यांसारख्या संस्थांकडे याकरिता विचारणा करता येईल. अभ्यास पूर्ण झाल्यावर मागील तारखेने मान्यता मिळत नाही आणि मान्यतेवाचूनचा निबंध चांगली पत्रिका उघडूनही पाहत नाही. नव्या उपचाराची चाचणी घ्यावयाची असेल तर तिची नोंद भारतीय चिकित्सा-चाचणी नोंदवहीत करावी लागते. ही नोंदवही २००७ साली सुरू झाली. १ एप्रिल २०१८ पासून पहिला रुग्ण दाखल होण्यापूर्वीच नोंदणी झाली पाहिजे, असा दंडक आहे.

संमतिपत्राविषयी थोडे विस्ताराने लिहिणे आवश्यक वाटते. पावरी बोलणाऱ्या मातेपुढे छापील मराठी कागद ठेवून अंगठा घेणे म्हणजे संमती नव्हे. तिला समजेल अशा बोलीत माहिती सांगावी लागते, ‘नाही’ म्हटले तरी उपचार थांबणार नाहीत हे स्पष्ट करावे लागते आणि वाचता न येणाऱ्या व्यक्तीच्या बाबतीत निःपक्ष, साक्षर साक्षीदाराची सही घ्यावी लागते. सरपंचांनी किंवा मुख्याध्यापकांनी संपूर्ण गावाच्या वतीने अथवा वर्गाच्या वतीने संमती देऊन टाकण्याची पद्धत सोयीची असली तरी ती ग्राह्य नाही. गावाच्या प्रमुखांची अनुमती घेणे योग्यच. ती प्रत्येक व्यक्तीच्या संमतीची जागा घेत नाही. पंचायत सदस्यांनी सर्वेक्षणासाठी आलेल्या पथकाकडे समितीचे मान्यतापत्र मागावे व निष्कर्ष गावाला केव्हा आणि कसे कळविणार, हेही विचारावे. तसे विचारण्यात कोणताही अवमान नाही.

निबंधाची रचना

शोधनिबंधाचे चार भाग आता सर्वत्र रूढ आहेत. हा प्रश्न का विचारला, तो कसा तपासला, काय आढळले आणि त्याचा अर्थ काय, अशा क्रमाने लेखन होते. आम्हा प्रसिद्धी खात्यातील मंडळींना प्रसिद्धिपत्रकात महत्त्वाची गोष्ट पहिल्याच परिच्छेदात सांगण्याची सवय असते. निबंधात ते काम सारांशाकडे असते. तो बहुधा अडीचशे शब्दांच्या आत बसवावा लागतो आणि अनेक वाचक तेवढाच वाचतात. म्हणून तो सर्वांत शेवटी लिहावा आणि मूळ निबंधातील आकड्यांशी ताडून पाहावा.

लेखनास प्रारंभ पद्धतीच्या भागापासून करणे सोपे जाते, कारण तेथे झालेले तेवढेच सांगावयाचे असते: कोणते रुग्ण घेतले, कोणते वगळले, कोणत्या काळात, कोणत्या तपासणीने निदान केले. दुसऱ्या डॉक्टरला तेच काम जसेच्या तसे पुन्हा करता यावे, ही या भागाची कसोटी. आढळलेल्या गोष्टी सांगताना केवळ टक्केवारी देऊ नये, मूळ संख्याही द्यावी. बावस्कर दांपत्याने २०११ साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये प्रसिद्ध केलेली चाचणी या दृष्टीने पाहण्यासारखी आहे. महाडच्या ७० रुग्णांचे ३५-३५ असे दोन गट करण्यात आले. प्राझोसिनसोबत प्रतिविष दिलेल्या गटात १० तासांत ३२ रुग्ण पूर्ण बरे झाले, केवळ प्राझोसिन घेतलेल्या गटात ८. एवढ्या सरळ वाक्यात निष्कर्ष मांडता येतो, कारण कोणाला कोणत्या गटात घालावयाचे व काय मोजावयाचे, हे आधीच ठरलेले होते.

आपल्या कल्पित उदाहरणात खरी अडचण निराळी आहे. ऊसतोडीला गेलेले काही रुग्ण परत आलेच नाहीत. त्यांना यादीतून गुपचूप काढून टाकले तर तक्ते नीटनेटके दिसतील. परंतु ज्यांच्याविषयी प्रश्न विचारला तेच उत्तरातून नाहीसे होतील. किती रुग्णांचा ठावठिकाणा लागला नाही, हे स्पष्ट लिहावे आणि त्यामुळे निष्कर्षाला कोणती मर्यादा येते, हे चर्चेत सांगावे. मर्यादा मान्य केल्याने निबंधाचे मोल कमी होत नाही. परीक्षक त्या शोधतातच. लेखकाने आधी सांगितल्या तर त्याच्यावरचा विश्वास वाढतो.

दाव्याच्या संयमाचे एक मुंबईतील उदाहरण येथे द्यावेसे वाटते. ‘बॉम्बे रक्तगट’ म्हणून आज जगभर ओळखल्या जाणाऱ्या दुर्मीळ रक्तगटाचे वर्णन डॉ. वाय. एम. भेंडे व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५२ साली ‘लॅन्सेट’मध्ये केले. त्या छोट्याशा निबंधाच्या शीर्षकात ‘नवा’ हा शब्द लेखकांनी अवतरणचिन्हांत घातला होता. शोध खरोखरच नवा होता. तरी तसे छातीठोकपणे म्हणण्याची घाई त्यांनी केली नाही.

लेखक कोणास म्हणावे?

कार्यालयीन टिपणीवर सह्या पदांच्या चढत्या क्रमाने होतात. निबंधावरील नावांचा तसा नियम नाही. वैद्यकीय संपादकांचा एक लहान गट १९७८ साली कॅनडातील व्हँकुव्हर येथे एकत्र आला. त्यातून वाढलेल्या आंतरराष्ट्रीय समितीच्या निकषांनुसार लेखक म्हणविणाऱ्याने अभ्यासाच्या आखणीत, माहिती जमविण्यात किंवा तिच्या विश्लेषणात भरीव वाटा उचललेला असावा, लेखनात अथवा त्याच्या चिकित्सक दुरुस्तीत भाग घेतलेला असावा, अंतिम मसुद्यास मान्यता दिलेली असावी आणि संपूर्ण निबंधाची जबाबदारी स्वीकारलेली असावी. हे चारही निकष एकत्रित लागू होतात. वरिष्ठांनी केवळ परवानगी दिली म्हणून त्यांचे नाव घालणे योग्य नाही, आणि पाड्यांवर फिरून नोंदी आणणाऱ्या आरोग्यसेविकेचा आभारातही उल्लेख नसणे, हे त्याहून वाईट. तिला लेखनात सहभागी करून घेतल्यास ती लेखकही होऊ शकते. संगणकाच्या कृत्रिम बुद्धिमत्तेला मात्र लेखक म्हणता येत नाही. तिचे साहाय्य घेतले असल्यास तसे नमूद करावे लागते.

पत्रिकेची निवड

निबंध एका वेळी एकाच पत्रिकेकडे पाठवावयाचा असतो. कोणत्या पत्रिकेचे वाचक आपल्या प्रश्नाचे धनी आहेत, हे प्रथम पाहावे. १९१३ पासून निघणारे ‘इंडियन जर्नल ऑफ मेडिकल रिसर्च’ आहे, मुंबईच्या सेठ गोवर्धनदास सुंदरदास महाविद्यालयाशी व के. ई. एम. रुग्णालयाशी निगडित ‘जर्नल ऑफ पोस्टग्रॅज्युएट मेडिसिन’ आहे. सार्वजनिक आरोग्याच्या, बालरोगांच्या, रक्तविकारांच्या स्वतंत्र पत्रिका आहेत. निवडलेल्या पत्रिकेच्या लेखकांसाठीच्या सूचना शब्दशः पाळाव्यात. शब्दमर्यादा, संदर्भ देण्याची पद्धत, तक्त्यांची संख्या यांत चूक झाल्यास मजकूर तपासला जाण्यापूर्वीच निबंध परत येतो.

येथे एक सावधगिरीची सूचना. वैद्यकीय शिक्षकांच्या पदोन्नतीसाठी प्रसिद्ध निबंधांची अट असल्याने पैसे घेऊन काहीही छापणाऱ्या पत्रिकांचे पेव फुटले आहे. गोड शब्दांतील आमंत्रण, चार-आठ दिवसांत स्वीकृती, संपादक मंडळाचा थांगपत्ता नाही आणि शेवटी शुल्काची मागणी, ही त्यांची लक्षणे. सर्व शुल्क घेणाऱ्या पत्रिका खोट्या असतात असे नाही. प्रत्येकास विनामूल्य वाचू देणाऱ्या अनेक प्रतिष्ठित पत्रिका लेखकाकडून शुल्क घेतात व काही तेही घेत नाहीत. फरक परीक्षणाचा आहे. खोट्या पत्रिकेत छापलेला निबंध कोणीही तपासलेला नसतो, आणि एकदा तेथे गेलेले चांगले निरीक्षण पुन्हा चांगल्या ठिकाणी प्रसिद्ध करता येत नाही. सातपुड्यातील रुग्णांनी दिलेले रक्त व वेळ अशा रीतीने वाया जाते.

पाठविल्यानंतर

निबंधासोबत संपादकास एक छोटे पत्र जोडावे लागते. त्यात निबंध अन्यत्र दिलेला नाही, सर्व लेखकांची मान्यता आहे आणि कोणाचे आर्थिक हितसंबंध गुंतलेले असल्यास ते कोणते, हे लिहितात. संपादकांना तो योग्य वाटल्यास ते त्या विषयाच्या दोन-तीन तज्ज्ञांकडे परीक्षणार्थ पाठवितात. यास काही आठवडे, पुष्कळदा काही महिने लागतात. आहे तसा स्वीकारला गेलेला निबंध विरळाच. परीक्षकांचे आक्षेप कधी कठोर, कधी गैरसमजातून आलेले असतात. तरी प्रत्येक आक्षेप क्रमाने लिहून त्याखाली आपण केलेली दुरुस्ती, किंवा दुरुस्ती न करण्याचे कारण, सौम्य भाषेत द्यावे. परीक्षकाला स्थलांतराचा मुद्दा समजला नसेल तर तो पुढच्या वाचकालाही समजणार नाही, असे धरून ते वाक्य पुन्हा लिहावे. निबंध नाकारला गेल्यास आक्षेपांनुसार सुधारून दुसऱ्या पत्रिकेकडे पाठविण्यास कोणतीही आडकाठी नाही.

प्रसिद्धीनंतर निबंधाची प्रत तालुका आरोग्य अधिकाऱ्यांकडे व जिल्हा परिषदेच्या आरोग्य विभागाकडे द्यावी. आपल्या उदाहरणातील निष्कर्ष औषधवाटपाशी निगडित आहे: दिवाळीपूर्वी एकदम काही महिन्यांचे औषध द्यावयाचे की ऊसतोडीच्या ठिकाणच्या केंद्रातून ते मिळण्याची सोय करावयाची, आणि औषधावर असताना लागणाऱ्या रक्ततपासणीचे तेथे काय, याचा निर्णय तेथेच व्हावयाचा आहे. गावात ग्रामसभेपुढे हीच माहिती पावरीतून किंवा अहिराणीतून, एकाही रुग्णाचे नाव न घेता सांगावी. लहान पाड्यावर दोनच रुग्ण असतील तर पाड्याचे नावही घेऊ नये. विवाह जुळविताना अशा माहितीचा उपयोग कसा केला जातो, हे तेथील शिक्षकांना ठाऊक असते.