सोंगाची वेळ, मंत्राचा खर्च

पेठ तालुक्याच्या आदिवासी गावांत होळीनंतरच्या दिवसांत बोहाडा रंगतो. लाकडी किंवा कागदाच्या लगद्याचे मुखवटे चढवून, संबळाच्या तालावर देव-राक्षसांची सोंगं निघतात. पण सगळे देव एकदम येत नाहीत! गणपती सुरुवातीला, जगदंबा आणि महिषासुराची झुंज अगदी शेवटी. अनेक गावांत कुठलं सोंग कोणत्या घराण्याने घ्यायचं, हेही ठरलेलं असतं.

कल्पनाविश्वातल्या भूमिका-खेळांनाही असाच बांध लागतो. 1974 मध्ये आलेल्या ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’मध्ये जादूगाराचे मंत्र दिवसाला मोजकेच, ही कल्पना जॅक व्हान्स या लेखकाच्या कथांतून आली. पाचव्या आवृत्तीत मेलेल्याला उठवण्याच्या एका मंत्राला 500 सुवर्णमुद्रांचा हिरा लागतो, आणि तो मंत्रासोबत संपतो. म्हणजे प्रश्न ‘जमेल का?’ असा उरत नाही, ‘हिरा कुणासाठी खर्चायचा?’ असा होतो. खरी गोष्ट तिथे सुरू होते.

म्हणूनच खेळ चालवणाऱ्याने मंतरलेल्या शस्त्रांना लागणारा दुर्मिळ धातू कुठे मिळतो, किती मिळतो, हे आधीच ठरवावं. पहिल्याच बैठकीत प्रत्येकाच्या कमरेला मंतरलेली तलवार आली, तर राक्षस बिचारा करणार काय? माझ्या मते नियम थोडेच असावेत, पण मधेच बदलू नयेत.