एएनएमची फी आणि पहिला पगार

बारावीचा निकाल लागला की किनवट तालुक्यातल्या बऱ्याच घरांत मुलीच्या नर्सिंगचा विषय निघतो. आर्ट्स असलं तरी एएनएम या नर्सिंगच्या कोर्सला चालतं, दोन वर्षांत शिक्षण आटोपतं आणि उपकेंद्रातल्या सिस्टर सगळ्यांच्या ओळखीच्या असतात. पण बोलणं फीपासून सुरू होत नाही, सिस्टरांच्या पगारापासून सुरू होतं. हिशेब चुकतो तो इथेच.

गैरसमज : एएनएम झाली की सरकारी पगार

जिल्हा परिषदेच्या आरोग्य सेविकेची वेतनश्रेणी २५,५०० ते ८१,१०० रुपये, वर महागाई भत्ता. आकडा खरा आहे, फक्त तो भरती होऊन पदावर बसलेल्या बाईचा आहे. मार्च २०१९ मध्ये जिल्हा परिषदांची गट क ची जाहिरात आली, पोरींनी अर्ज केले, शुल्क भरलं. परीक्षा लांबत गेली आणि २०२२ मध्ये ती भरतीच रद्द झाली. पुढची जाहिरात आली ऑगस्ट २०२३ मध्ये, राज्यभरात सगळ्या संवर्गांची मिळून १९,४६० पदांची. म्हणजे २०१९ मध्ये पास झालेल्या मुलीने चार वर्षं वाट पाहिली, आणि तीही नुसत्या संधीची.

किनवट तालुक्यातली बरीच गावं अनुसूचित क्षेत्रात येतात. २०१४ च्या राज्यपालांच्या अधिसूचनेने अशा क्षेत्रातली परिचारिकांसह काही पदं स्थानिक आदिवासी उमेदवारांसाठी ठेवली. गोंड, कोलाम, आंध घरांतल्या मुलींना हा मोठाच आधार आहे. पण आपलं गाव अनुसूचित क्षेत्राच्या यादीत आहे का, हे आधी बघावं लागतं. तालुका किनवट एवढ्याने भागत नाही. शिवाय २०२३ च्या भरतीतली हीच पदं न्यायालयीन वादात अडकली आणि पुढे उमेदवारांना मानधनावर घेतलं गेलं.

मग हाती आधी काय येतं? राष्ट्रीय आरोग्य अभियानाच्या कंत्राटी जाहिरातींत एएनएमला दरमहा १८,००० रुपये दिसतात. खासगीत? सर्वोच्च न्यायालयाच्या २०१६ च्या आदेशानंतर नेमलेल्या केंद्राच्या समितीने म्हटलं होतं की पन्नासपेक्षा कमी खाटांच्या रुग्णालयातही परिचारिकेला २०,००० पेक्षा कमी देऊ नये. ती शिफारसच राहिली. छोट्या दवाखान्यात एएनएमचा पहिला पगार याच्या बराच खाली असतो. कर्ज तोलायचं ते या पगाराशी.

गैरसमज : कर्जाचं नंतर बघू, नोकरी लागल्यावर फेडता येतं

फेडता येतं, पण किती ते आधी मांडून बघावं. समजा फी, होस्टेल, मेस मिळून बँकेचं दोन लाख कर्ज झालं. दरवर्षी एक लाख उचललं, व्याज साडेदहा टक्के. शिक्षणाची दोन वर्षं आणि पुढचं एक वर्ष हप्ता नसतो. व्याज मात्र चालूच असतं: पहिल्या लाखावर तीन वर्षांचं, दुसऱ्यावर दोन वर्षांचं, मिळून ५२,५०० रुपये. हप्ता सुरू होतो तेव्हा दोनाचे अडीच लाख झालेले असतात. सात वर्षांत फेडायचं तर महिन्याला सुमारे ४,२५० रुपये, एकूण साडेतीन लाखांच्या वर. १८,००० च्या कंत्राटी पगारातून हे निघतं. खासगीतल्या दहा हजारांतून, नांदेडला खोली करून राहायचं असेल तर, निघत नाही. मग बापाच्या कापसाच्या पैशातून हप्ता जातो.

यातले ५२,५०० वाचू शकतात. कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न साडेचार लाखांच्या आत असेल तर हप्ता नसलेल्या काळातलं व्याज केंद्र सरकार भरतं. अट अशी की कर्ज बँकेच्या आदर्श शैक्षणिक कर्ज योजनेतलं हवं, आणि नर्सिंगच्या संस्थेला नर्सिंग परिषदेची मान्यता हवी. मुलीने शिक्षण मध्येच सोडलं तर ही सवलत जाते. तहसीलचा उत्पन्नाचा दाखला कर्ज काढतानाच काढून ठेवावा. आणि चार लाखांपर्यंतच्या शैक्षणिक कर्जाला शेत गहाण टाकावं लागत नाही. आई किंवा वडील सहकर्जदार असले की पुरतं. हे ठाऊक नसल्याने लोक सावकाराकडे जातात. शेकडा तीनने एक लाख घेतले की महिन्याला तीन हजार नुसतं व्याजच. मुद्दल जिथल्या तिथे.

गैरसमज : सहा महिन्यांचा नर्सिंग कोर्सही नर्सिंगच

नाही. एएनएम दोन वर्षांचा, जीएनएम तीन, बी.एस्सी. नर्सिंग चार. यापेक्षा कमी मुदतीत मिळणाऱ्या 'नर्सिंग असिस्टंट'च्या कागदावर महाराष्ट्र नर्सिंग परिषदेत नोंदणी होत नाही, आणि नोंदणीशिवाय परिचारिकेचा सरकारी अर्ज भरता येत नाही. स्वस्त वाटणारं हे शिक्षण सगळ्यात महाग पडतं. प्रवेशाआधी संस्थेला एवढंच विचारावं : परीक्षा कोण घेतं, आणि मुली प्रसूती शिकायला कोणत्या रुग्णालयात जातात? दुसऱ्या प्रश्नाला रुग्णालयाचं नाव आलं नाही तर उठावं. नाव आलं तर तिथे जाऊन प्रसूतिकक्षातल्या सिस्टरांना विचारावं, त्या मुली खरंच येतात का.

गैरसमज : जीएनएम केलं की दुप्पट पैसे

कंत्राटी जाहिरातींत जीएनएम झालेल्या अधिपरिचारिकेला २०,००० दिसतात, म्हणजे एएनएमपेक्षा दोन हजार जास्त. एवढ्यासाठी तिसऱ्या वर्षाची फी कर्जाने भरणं परवडत नाही. फरक पडतो तो कायम पदावर, जिथे श्रेणी ३५,४०० पासून सुरू होते, आणि हैदराबाद-पुण्याच्या मोठ्या रुग्णालयांत. पुढे दोन वर्षांचं पोस्ट बेसिक बी.एस्सी.ही जीएनएमवरूनच करता येतं. माझं मत विचाराल तर शासकीय नर्सिंग शाळेत जागा मिळत असेल तर जीएनएम, नाहीतर आधी एएनएम. कमावून, नोंदणी टिकवून जीएनएमला नंतर जाता येतं.

गैरसमज : मुलींना आता फी माफच आहे

जुलै २०२४ च्या शासन निर्णयाने आर्थिक मागास, एसईबीसी आणि ओबीसी मुलींची व्यावसायिक शिक्षणाची शिक्षण आणि परीक्षा फी माफ झाली, उत्पन्न आठ लाखांच्या आत असेल तर. पण प्रवेश केंद्रीभूत फेरीतून झालेला हवा. व्यवस्थापन कोट्यातून "आजच सीट पक्की करा" म्हणत घेतलेल्या प्रवेशाला ती लागू नाही. आणि होस्टेल, मेस, गणवेश यांचा खर्च तसाही माफीबाहेरच. अनुसूचित जाती-जमातीच्या मुलींसाठी महाडीबीटीवरची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती आहे. तिची रक्कम अनेकदा उशिरा येते, म्हणून फीच्या पहिल्या हप्त्याचे पैसे कुठून येणार ते आधीच ठरवावं लागतं.

सीमेवरच्या मुलींसाठी एक गोष्ट राहिली. किनवटहून आदिलाबाद नांदेडपेक्षा जवळ, तिथली नोकरीही सोयीची. पण तेलंगणाची नर्सिंग परिषद वेगळी. तिथे काम करायचं तर नोंदणी तिकडे करून घ्यावी लागते, आणि त्या कागदपत्रांना लागणारे महिने बिनपगारी जातात. हप्ता सुरू होण्याच्या महिन्यात ही धावपळ आली तर फार जड जातं. अर्ज त्याच्या आधीच टाकलेला बरा.