बेडकाचा तोल आणि अंतःकर्णातील आवेग

मृगाच्या पहिल्या दमदार सरीनंतर बेलापूरला पारसिकच्या डोंगराच्या पायथ्याशी डबकी साचतात व त्यांत पिवळेधमक झालेले नर बेडूक ओरडू लागतात. सीबीडीच्या सिमेंटच्या वस्तीला लागूनच राहणारा हा प्राणी म्हणजे होप्लोबॅट्राकस टायगेरिनस. जुन्या पाठ्यपुस्तकांतील राना टायग्रिना तो हाच. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०११ नंतर विच्छेदनावर निर्बंध आणीपर्यंत प्राणिशास्त्राच्या विद्यार्थ्यांच्या कित्येक पिढ्या याच्यावरच शिकल्या. त्याचे हृदय, रोहिणी व प्रजननसंस्था त्यांना पाठ होती. कवटीच्या हाडात दडलेला अंतःकर्ण मात्र बहुतेकांनी आकृतीतच पाहिला. वस्तुतः बेडकाची प्रत्येक उडी या इवल्याशा इंद्रियाच्या भरवशावर घेतलेली असते.

बेडूक फळीवर ठेवून ती हळूहळू तिरपी केली, तर तो डोके व पुढचे पाय सावरून घेतो आणि उतार फारच वाढला तर वर चढू लागतो. १८६९ मध्ये फ्रीडरिश गोल्ट्स या जर्मन शरीरक्रियाशास्त्रज्ञाने दाखवून दिले की, मोठा मेंदू काढून टाकलेला बेडूकही हे काम बिनचूक करतो. म्हणजे तोल सांभाळण्यास विचाराची गरज नाही. अंतःकर्णातून निघालेला संदेश मेंदूच्या खालच्या भागांतच वाचला जातो व तेथूनच स्नायूंकडे हुकूम सुटतो. हा संदेश कोणत्या स्वरूपाचा असतो, हा खरा प्रश्न होय.

बेडकाच्या प्रत्येक अंतःकर्णात परस्परांशी जवळजवळ काटकोन करणाऱ्या तीन अर्धवर्तुळाकार नलिका असतात व त्या द्रवाने भरलेल्या असतात. डोके वळले की नलिकेची भिंत त्याच्याबरोबर फिरते, पण आतील द्रव जडत्वामुळे क्षणभर मागे राहतो आणि नलिकेच्या फुगीर टोकातील जेलीसारख्या पडद्याला ढकलतो. ही रचना नलिकेच्या आकारमानावर किती अवलंबून आहे, याचा एक चमत्कारिक पुरावा २०२२ मध्ये पुढे आला. ब्राझीलमधील ब्रॅकिसेफॅलस वंशाचे नखाएवढे बेडूक उडी तर मारतात, पण हवेतच कोलांट्या खाऊन कसेही आपटतात. त्यांच्या नलिका इतक्या अरुंद आहेत की आतील द्रव पुरेसा हलूच शकत नाही.

नलिका वळण सांगतात. डोक्याचा कल सांगण्याचे काम युट्रिकल या पिशवीकडे आहे. तेथील पेशींवर कॅल्शियम कार्बोनेटच्या सूक्ष्म कणांचा थर असतो व डोके कलताच तो घसरतो. सॅक्यूल ही दुसरी पिशवी मात्र बेडकात प्रामुख्याने जमिनीची कंपने टिपते. तोल व श्रवण यांची आपण आखलेली सीमा निसर्गाने पाळलेली नाही.

तथापि याच सॅक्यूलने केशपेशीचे रहस्य उलगडून दिले. अमेरिकन बुलफ्रॉगच्या सॅक्यूलमधील एका केशपेशीच्या माथ्यावर पायऱ्यांप्रमाणे चढत जाणारे सुमारे ५० ते ६० सूक्ष्म केस असतात आणि सर्वांत उंच कडेला एक निराळा केस. १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात हड्‌स्पेथ व कोरी यांनी या झुबक्याला काचेच्या बारीक सळईने ढकलून पेशीतील विद्युद्दाब मोजला. झुबका उंच बाजूकडे झुकला की पेशी उद्दीपित होते; उलट दिशेने झुकला की शांत होते; आडवा ढकलला तर काहीच होत नाही. केसांच्या टोकांना जोडणारे धागे ताणले जाऊन पोटॅशियमच्या आयनांचे दरवाजे उघडतात, आणि तेही सेकंदाच्या काही लक्षांश भागांत. मग पेशीच्या तळाशी ग्लुटामेट स्रवते व तेथे टेकलेल्या तंत्रिकातंतूतून आवेग निघतात.

येथवरचे वर्णन वाचून असा समज होण्याचा संभव आहे की, बेडूक स्तब्ध असताना तंत्रिका मुकी असते व हालचाल होताच बोलू लागते. हा समज चुकीचा आहे. डी. ए. रॉस यांनी १९३६ मध्ये बेडकाच्या या तंत्रिकेतील एकेका तंतूचे आवेग नोंदविले. त्याच सुमारास लोवेनस्टाइन व सँड यांनी माशांवर असेच प्रयोग केले. अशा नोंदींतून दिसून आले की प्राणी निश्चल असतानाही बहुतेक तंतूंतून आवेगांचा मंद प्रवाह चालूच असतो. या विश्रांतीतील प्रवाहाचे महत्त्व जितके सांगावे तितके थोडे. तंतू मुका असता तर त्याला फक्त एकाच दिशेची बातमी देता आली असती. शून्याच्या खाली जाण्यास जागाच नव्हती. मुळात बोलत असल्यामुळे तो वेग वाढवून एक दिशा सांगतो आणि वेग घटवून दुसरी.

बेडूक डावीकडे वळला की डाव्या आडव्या नलिकेतील तंतूंचा वेग वाढतो व त्याच क्षणी उजवीकडील घटतो. उभ्या नलिकांच्या जोड्या तिरप्या लागतात: डावी पुढची उजव्या मागचीशी. आठव्या तंत्रिकेवाटे दोन्ही बाजूंचे प्रवाह लंबमज्जेतील केंद्रांत पोहोचतात, आणि मेंदू वाचतो तो त्यांतील फरक. फरक शून्य म्हणजे डोके स्थिर. या केंद्रांतून मान, पाय व डोळे यांच्या स्नायूंकडे तंतू जातात. बेडकात मानेचा वाटा मोठा असल्याने त्याचे डोकेच वळणाच्या उलट फिरताना दिसते.

याचा कडक पडताळा इजेतून मिळतो. एका बाजूचा अंतःकर्ण नष्ट केला की बेडकाचे डोके त्या बाजूला कलते, शरीर वाकते. उरलेली बाजू पूर्वीइतकेच बोलत असते, परंतु समोरचा आवाज बंद पडल्याने मेंदूला तो फरक वळणाचाच भासतो. काही आठवड्यांत केंद्रांतील जोडण्या बदलून डोके बरेचसे सरळ होते. जलद हालचालींतील उणीव मात्र राहते. दोन्ही बाजू सारख्याच गमावल्या तर डोके कलत नाही, कारण फरक उरत नाही; प्राणी निव्वळ बेसावध होतो.

हा दुसरा प्रकार माणसातही पाहावयास मिळाला. क्षयावरील स्ट्रेप्टोमायसीन हे औषध केशपेशींना घातक असते, आणि कानातील श्रवणापेक्षा संतुलनाच्या भागावर त्याचा घाला अधिक असतो. १९५४ मध्ये स्थापन झालेल्या पिंपरीच्या हिंदुस्तान अँटिबायोटिक्स कारखान्यातही ते पुढे तयार होऊ लागले व देशात अनेक वर्षे सर्रास वापरले गेले. प्राण वाचलेल्या काही रुग्णांना भोवळ येत नसे, पण अंधारात पाऊल टाकताना तोल जाई आणि चालताना समोरची पाटी हलताना दिसे. दोन्ही कान एकदम बंद पडल्याची ती खूण होती. भोवळ नसल्यामुळे ही तक्रार अशक्तपणावर ढकलली जाणे सोपे होते.

माणसात नष्ट झालेल्या केशपेशी उपयोगी पडेल इतक्या प्रमाणात पुन्हा तयार होत नाहीत. बेडकात होतात. त्याच गटातील जेंटामायसीनने बुलफ्रॉगच्या सॅक्यूलमधील केशपेशी मारल्यानंतर प्रौढ प्राण्यातही नव्या पेशी उगवल्याचे १९९० च्या दशकात आढळले. त्या शेजारच्या आधारपेशींपासून येतात: काही आधारपेशी विभागतात, तर काही विभाजनावाचूनच थेट केशपेशीत रूपांतरित होतात. सस्तन प्राण्यांच्या आधारपेशींत ही क्षमता कशाने अडवून धरली आहे, यावर आज प्रयोगशाळांतून काम चालू आहे.